देवाने आम्हालाच निवडलं का?

*ताई,*

*आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी त्याची बार मित्झ्वा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धर्मविधी. त्यासाठी तो तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचण्याआधीची बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) पाठ करतोय. तिच्यात देवाने ‘सर्व लोकांमधून आम्हाला निवडलं’ असे शब्द आहेत. परवा तो समोरच्या घरातल्या मित्राला त्याचा अर्थ सांगत होता. मित्राने विचारलं, ‘मग आमचं काय?’ हा म्हणाला, ‘तुम्हाला नाही निवडलं.’ मित्राची आजी तिथेच उभी होती. त्या काही बोलल्या नाहीत, नातवाचा हात धरून आत गेल्या. त्या दिवसापासून तो मुलगा आमच्याकडे आलेला नाही. माझ्या बाळंतपणात याच आजींनी मला डिंकाचे लाडू करून दिले होते. मला तोंड दाखवायची लाज वाटते.*

*सासूबाई म्हणतात, जे लिहिलंय ते लिहिलंय, माफी कसली मागायची? नवरा म्हणतो, ती ओळच गाळून टाकायला सांग. मला दोन्ही पटत नाही. मुलाला काय सांगू? आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचा तरी यावर विश्वास आहे का, तेच मला कळेनासं झालंय.*

*— एक आई, ठाणे*

बाळ,

वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, रागावू नकोस. मीसुद्धा बेने इस्राएल, अलिबागजवळच्या एका गावात वाढलेली. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डिंकाच्या लाडवांपाशी थांबले.

आधी समोरच्या दारावर जा. आजच जा, आणि मुलाला बरोबर घेऊन जा. त्याला एकट्याला पाठवू नकोस, ती शिक्षा होईल. त्याने एवढंच म्हणावं : ‘आजी, मी जे बोललो ते चुकलं. मला त्याचा अर्थ नीट कळलेला नव्हता.’ पुढे काही समजावून सांगायला लावू नकोस. ‘तसं नाही हो, आमच्या धर्मात निवडलेले म्हणजे...’ असलं काही तिथे नको. दुखावलेल्या माणसासमोर अर्थ सांगत बसलं की माफी पातळ होते. अर्थ घरी आल्यावर सांगायचा. तो कसा सांगायचा, त्यासाठी हे पत्र.

मुलाला बोलू नकोस, कारण त्याचा कान बरोबर आहे. मराठीत निवडणं हे सुपातलं काम. माझी आजी दुपारी ओसरीवर पाय पसरून तांदूळ निवडायची. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. बोटाने दाणे सरकवत जायची; खडा, साळ, कीड निघाली की बाजूला, आणि ते सगळं शेवटी अंगणात कोंबड्यांना. भाजी निवडायची म्हणजेही तेच, चांगलं ठेवायचं आणि किडकं टाकायचं. हेच ऐकत मोठं झालेलं पोर ‘देवाने आम्हाला निवडलं’ हे वाक्य ऐकतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सूपच येणार. आम्ही तांदूळ, बाकीचे खडे. तुझ्या मुलाने तेच ऐकलं आणि मित्राला तेच सांगितलं. आजींनाही तेच ऐकू गेलं. कारण त्याही मराठीच आहेत.

आता तो जी बराखा पाठ करतोय ती बघ. ‘आशेर बाहार बानू मिकोल हाअम्मीम’, म्हणजे ज्याने सर्व लोकांमधून आम्हाला निवडलं. इथे तुझ्या मुलाने श्वास घेतला आणि मित्राकडे बघितलं. पण वाक्य इथे संपतच नाही. पुढे लगेच आहे ‘वेनातान लानू एत तोरातो’, आणि आम्हाला आपली तोरा दिली. मधला तो ‘वे’ म्हणजे आपला ‘आणि’. निवडलं आणि हातात काम दिलं. शाळेत बाई चाळीस मुलांतून एकाला उठवतात आणि म्हणतात, आजपासून फळा तू पुसायचास, सगळ्यांच्या वह्या तू गोळा करायच्यास. बाकीची एकोणचाळीस वाया गेली, असं कुणी म्हणत नाही. तो उठवलेला मुलगा मात्र रोज दहा मिनिटं उशिरा घरी जातो. मुलाला पुढची अर्धी ओळ नीट सांग. पहिल्या अर्ध्या ओळीवर थांबणारी फक्त मुलंच असतात असं नाही, मोठी माणसंही तिथेच थांबतात.

सासूबाई म्हणतात, लिहिलंय ते लिहिलंय. त्यांचं बरोबर आहे. मग जे लिहिलंय ते पूर्ण वाचूया. त्यांनाच पुस्तक हातात दे आणि मोठ्याने वाचायला सांग. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून नातवाला ऐकू दे.

पहिली जागा तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातली. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडून तिसरा महिना लागलाय, लोक सिनाय पर्वताच्या पायथ्याशी तळ देऊन आहेत. देव म्हणतो, जर तुम्ही माझं ऐकलंत आणि माझा करार पाळलात, तर सर्व लोकांमध्ये तुम्ही माझा खास ठेवा व्हाल, कारण सगळी पृथ्वी माझीच आहे. वाक्याची सुरुवात ‘जर’ने होते, हे मुलाला दाखव. आणि शेवटही दाखव. तुम्ही माझे म्हणून बाकीचे माझे नाहीत, असं देव म्हणत नाही. त्याच दमात तो सांगतो की सगळंच माझं आहे. लगेच पुढे येतं, तुम्ही माझ्यासाठी याजकांचं राज्य व्हाल. आता याजक, कोहेन, कशासाठी असतो? तो दुसऱ्यांसाठीच असतो. समोर लोकच नसतील तर त्याला काही काम नाही. आणि तोरामध्ये कोहेनाच्या अंगावर इतरांपेक्षा जास्त बंधनं आहेत, वर देशात जमिनीचा वाटाही नाही. असला मान किती जण हौसेने मागून घेतील, सांग बघू.

दुसरी जागा तोरातल्याच अनुवाद या पुस्तकाचा सातवा अध्याय. देव तुमच्यावर प्रसन्न झाला तो तुम्ही संख्येने जास्त होतात म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्या लोकांत थोडे होतात. मग का? तर त्याचं तुमच्यावर प्रेम होतं आणि पूर्वजांना दिलेली शपथ त्याला पाळायची होती. दोन अध्याय पुढे, नवव्यात, मोशे आणखी स्पष्ट बोलतो : तुमच्या नीतिमत्तेमुळे हा देश मिळतोय असं मनात आणू नका, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. म्हणजे गुणवत्ता यादी नाही, टक्के नाहीत. जगाच्या पाठीवर दुसरा कुठला समाज आपल्याच पवित्र ग्रंथात आपल्या पूर्वजांना इतकं बोलून घेतो, मला माहीत नाही.

आणि तिसरी जागा संदेष्टा आमोस याचं पुस्तक. माझ्या वडिलांचा हा आवडता. हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीची झाडं राखणारा माणूस, कुठल्या संदेष्ट्यांच्या घराण्यातला नव्हे. तिसऱ्या अध्यायात देव त्याच्या तोंडून म्हणतो, पृथ्वीवरच्या सर्व कुळांतून मी फक्त तुम्हालाच ओळखलं. इथे आपला ऊर भरून येतो. पुढचा शब्द आहे ‘म्हणून’. म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा मी तुम्हाला देईन. लाड संपले. हाच आमोस नवव्या अध्यायात विचारतो, इस्राएलाच्या लोकांनो, तुम्ही मला कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या, लोकांसारखेच नाही का? मी इस्राएलाला मिसरमधून आणलं, तसंच पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामींना कीरहून आणलं ना? पलिष्टी म्हणजे आपले शत्रू. त्यांचाही प्रवास त्याच देवाने घडवला, असं आपल्याच ग्रंथात लिहिलंय. सासूबाईंना म्हणावं, लिहिलंय ते लिहिलंय!

पण मुलगा मोठा होतोय, तेव्हा त्याला सगळं गोड करूनही सांगू नकोस. आपल्या परंपरेत दुसरा सूरही आहे, आणि तो बारीक नाही. बाराव्या शतकात स्पेनचा कवी येहुदा हालेवी म्हणून गेला की इस्राएलात जन्मतःच काही वेगळा दैवी गुण आहे, आणि धर्मात आलेला माणूस कितीही चांगला असला तरी जन्माने आलेल्याची बरोबरी करू शकत नाही. त्याच शतकात मोठे धर्मपंडित रामबाम, म्हणजे मोशे बेन मैमून. त्यांना ओबद्या नावाच्या धर्मात आलेल्या माणसाने विचारलं, प्रार्थनेत मी ‘आमच्या पूर्वजांचा देव’ म्हणू का? माझे पूर्वज तर वेगळे. रामबामांनी कळवलं, अवश्य म्हण, तुझ्यात आणि आमच्यात काही फरक नाही. एकाच शतकातले दोन मोठे लोक आणि दोन उत्तरं. मी रामबामांच्या बाजूची आहे. का, ते थोडं पुढे येईल.

तल्मूदमध्येही, म्हणजे रब्बींच्या, आपल्या धर्मगुरूंच्या, चर्चांच्या जुन्या ग्रंथातही, दोन गोष्टी आहेत. एका गोष्टीत देव तोरा घेऊन इतर लोकांकडे जातो आणि ते नको म्हणतात. मग इस्राएल घेतो. लहानपणी ही मला फार आवडायची. आता नाही आवडत, तिच्यात दुसऱ्यांना कमी लेखल्याची चव आहे. दुसरी गोष्ट अशी, की देवाने सिनाय पर्वत उचलून कढईसारखा लोकांच्या डोक्यावर उपडा धरला आणि म्हणाला, तोरा घेतलीत तर ठीक, नाहीतर इथेच तुमची कबर. ही मुलाला सांग. बारा वर्षांच्या मुलाला ही जास्त आवडेल, आणि निवडलं जाणं ही काही मिरवायची गोष्ट नाही, हे त्याला न सांगता कळेल.

आता आपल्या कोकणाकडे ये, कारण माझ्या मते याचा खरा अर्थ तिथे आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुस्तकं समुद्रात गेली. पुढच्या पिढ्यांतून हिब्रू गेली, प्रार्थना गेल्या, सणांची नावंसुद्धा गेली. राहिलं काय? ‘शेमा इस्राएल’, हे इस्राएला ऐक, एवढी एक प्रार्थनेची ओळ, मुलाची सुंता, खाण्यातले काही नियम, आणि शनिवार. गावोगावी आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावाने नाव ठेवलं, शनवार तेली.

मी याचा फार विचार केलाय. त्या लोकांना ‘आम्ही निवडलेले’ हे वाक्य म्हणता तरी येत होतं का, कोण जाणे. ज्या बराखेमुळे तुझ्याकडे भांडण झालं ती त्यांच्याकडे उरलेली नव्हती. शेजाऱ्यांना एवढंच दिसायचं, की आज शनिवार, यांचा बैल सुटा आहे, यांच्या घाण्याचा आवाज येत नाही, आज यांच्याकडे तेल मिळणार नाही. आठवड्यातली एक दिवसाची कमाई गेली तर गेली. त्यात शेजाऱ्याचा अपमान कुठेच नव्हता. उलट शेजारी ते सांभाळून घ्यायचे. आमच्या घरी शनिवारी चूल पेटायची नाही, तर पलीकडच्या काकू संध्याकाळी कुंपणावरून विचारायच्या, ‘काय गं, लागलं का चांदणं? चहा टाकू?’ तीन तारे दिसले की शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपतो, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

तुझ्या मुलाला विचार, आपल्याला निवडलंय ते समोरच्यांना कशावरून कळेल? तू बोलून दाखवलंस म्हणून, की तू कसा वागतोस त्यावरून?

आणि आता जे लिहायला जड जातं ते लिहिते. आपण निवडलेले म्हणवणाऱ्यांनी आपल्यातच पुन्हा सूप घेतलं होतं. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. ज्यांची आई बाहेरच्या समाजातली होती असं मानलं जायचं त्यांचे वंशज काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगतीला वेगळं. मी लहान असताना एका घरी मलिदा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा विधी, होता. एक बाई दाराशी बसली होती, सगळ्यांत मागे. ताट फिरत आलं तेव्हा वाढणारीने तिच्या पदरात वरून टाकलं, हात लागू न देता. पोहे थोडे खाली सांडले. ती बाई ते एक-एक करून वेचत होती. मी आईला विचारलं, आईने मला चिमटा काढून गप्प केलं. त्या बाईचं नाव मला कधीच कळलं नाही. शब्बाथ तीही पाळत होती. शेमा तिलाही येत होता.

मग आपली पाळी आली. इस्राएलात गेलेल्या आपल्या लोकांच्या लग्नांबाबत १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या, की बेने इस्राएल वधूवरांची आईकडची वंशावळ तपासावी. घाणा बंद ठेवून ज्यांनी इतक्या पिढ्या नाव टिकवलं त्यांनाच आता तुम्ही खरे का, असं विचारलं गेलं. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, आणि त्या सूचनांमधून आपल्या समाजाचं नाव काढावं लागलं. त्या दोन वर्षांत आपल्या माणसांना काय वाटलं असेल, हे तुला आता चांगलं कळेल. समोरच्या आजींना त्या दिवशी तेच वाटलं. ‘तुम्हाला नाही.’ मी रामबामांच्या बाजूची आहे ती यामुळे.

हा शब्द आपल्याविरुद्धही फार वापरला गेलाय, तेही मुलाला कधीतरी कळेल. युरोपात ज्यूंचा द्वेष करणाऱ्यांनी ‘हे स्वतःला निवडलेले समजतात’ हे शतकानुशतकं कारण म्हणून पुढे केलं. आणि आज आपल्यातलेही काही जण हा शब्द जमिनीच्या आणि ताकदीच्या बोलीत बोलतात. मला ते मान्य नाही, आणि आमोसला मान्य झालं असतं असं मला वाटत नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं म्हणणं. ओळ गाळावी का? हा विचार त्याच्याआधीही मोठ्या माणसांनी केलेला आहे, त्याला सांग, म्हणजे तो एकटा पडणार नाही. अमेरिकेतल्या मोर्दकाय कॅप्लान या रब्बींनी १९४५ साली काढलेल्या प्रार्थनापुस्तकातून निवडीचे शब्द काढून टाकले. त्यांच्या पंथात या बराखेत ‘निवडलं’च्या जागी ‘आपल्या सेवेसाठी जवळ आणलं’ असं म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केलं, त्या सभेत त्यांचं पुस्तक जाळलं गेलं. पुस्तक जाळणं मला कधीच पटणार नाही. कॅप्लान यांचा हेतू शुद्ध होता. तरीही मी तुझ्या मुलाला ओळ गाळायला सांगणार नाही. शब्द काढला की प्रश्नही जातो. आज समोरच्या मुलाने ‘मग आमचं काय?’ विचारलं, तो फार चांगला प्रश्न आहे. तो प्रश्न मनात ठेवून तुझ्या मुलाने ती ओळ पूर्ण म्हणावी. नवऱ्याला मात्र म्हण, की तुझ्या मनात शरम आली ती योग्य जागेवरून आली.

‘मग आमचं काय?’ला उत्तरही आहे, आणि ते मुलाला द्यायलाच हवं. आपल्या रब्बींनी शिकवलंय की सर्व लोकांतल्या सज्जनांना येणाऱ्या जगात वाटा आहे, त्यासाठी ज्यू व्हावं लागत नाही. त्यांनीच असंही विचारलंय, की देवाने सुरुवातीला एकच माणूस का घडवला? तर कुणी कुणाला ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ असं म्हणू नये म्हणून. आणि दारफळणीच्या सणाला, योम किप्पूरला, दिवसभर उपाशी बसलेलो असताना दुपारी आपण कुठलं पुस्तक वाचतो? योनाचं. निनवे हे शत्रूचं शहर. देवाने त्यांना क्षमा केली म्हणून योना रुसून बसतो, आणि देव त्याला विचारतो, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं तिथे आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मी त्यांची कीव करू नये का? वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवशी वाचायला ही गोष्ट आहे. गुरांचीसुद्धा काळजी आहे तिच्यात. मित्राच्या आजी त्यातून कशा सुटतील?

राहिला तुझा प्रश्न, माझा विश्वास आहे का. तुझ्या वतीने मी कसं सांगू? माझ्यापुरतं सांगते. कुणापेक्षा वरचढ म्हणून देवाने मला निवडलं, यावर माझा विश्वास नाही, तरुणपणी होता. पण शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावते तेव्हा हे काम माझ्या हातात कुणीतरी ठेवलंय आणि ते मी खाली ठेवलं तर माझ्या जागी दुसरं कुणी उचलणार नाही, असं मला अगदी स्पष्ट वाटतं. आपण या देशात आता काही हजार उरलो. माझ्या गावात आता शुक्रवारचा दिवा लागत नाही. एवढ्या वर्षांत मला निवडीचा याहून वेगळा पुरावा मिळाला नाही, आणि मला तो पुरतो. तुला कदाचित वेगळं वाटेल. घाई नाही. दिवा लावत राहा आणि शंकाही राहू दे, दोन्ही एका घरात राहू शकतात.

बार मित्झ्वाच्या दिवशी समोरच्या घराला बोलावशीलच. आजींना सिनेगॉगमध्ये पुढे बसव, आणि मुलाने बराखा म्हटल्यावर तिचा मराठी अर्थ त्याने स्वतः मोठ्याने सांगावा, पूर्ण ओळीचा. घरी एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा करणार असशील तर पोहे निवडायला दोन्ही मुलांना एकत्र बसव. जाड पोहे घे, नुसते पाण्यातून काढ, फार भिजले की लगदा होतो. ओलं खोबरं सढळ हाताने घाल. आणि ताट आधी मागच्या रांगेत जाऊ दे.

तुझी,
ताई